सोळावा नट

व्हर्लिन स्टोलरने अडतीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांचे ब्रेक तपासले, आणि त्या अडतीस वर्षांत एकदाही कुणाला "चालतंय, जाऊ दे" म्हटलं नाही. ब्रूक्सफोर्डमध्ये त्याचा त्याबद्दल लौकिक होता, आणि थोडी टिंगलही. एखाद्या चाकातून जरासा वेगळा आवाज आला की तो बसच्या स्टिअरिंगला लाल पाटी अडकवायचा, 'चालवू नये', आणि मग शाळेचे साहेब येवोत की खुद्द गव्हर्नर, ती पाटी काही निघायची नाही. "आमच्या पोरांना बर्फाची सुट्टी मिळते तशी व्हर्लिनची सुट्टी पण मिळते," असं त्याचा दोस्त बस्टर राइनहार्ट म्हणायचा.

असा हा माणूस जूनमधल्या एका शनिवारी, ब्रेकचा भरवसा नाही हे पक्कं ठाऊक असताना, आपल्या सत्त्याऐंशी वर्षांच्या बापाला गाडीत बसवून गावात निघाला. ही बुद्धी त्याला कशी सुचली हे सांगायचं तर एकोणऐंशी सालापर्यंत मागे जायला हवं.

बाप म्हणजे डॉर्सी स्टोलर. इंजिनच्या कारखान्यात जन्म काढलेला, बोटं सॉसेजसारखी जाड आणि नजर मिलिमीटरची. त्याच्याकडे सत्तर सालची शेव्हेल गाडी होती, गडद हिरवी, पुढच्या बॉनेटवर दोन रुंद पांढरे पट्टे. अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात त्याने तिचं इंजिन उतरवलं, सगळं सुटं केलं आणि स्वतःच्या हाताने पुन्हा जोडलं. प्रत्येक नट मापात आवळायचा आणि आवळून झाला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, ही कारखान्याची पद्धत त्याने मुलालाही शिकवली. "ठिपका नाही म्हणजे काम नाही," हे वाक्य व्हर्लिनने बाराखडीसारखं घोकलं होतं.

वसंतात व्हर्लिन अठराचा झाला आणि बापाने पहिल्यांदा किल्ली हातात दिली. गावाबाहेरच्या सरळ रस्त्यावर, मक्याच्या मोकळ्या शेतांमधून तो जात होता. वेग ताशी साठ मैल. शपथेवर साठच, तो आजही सांगतो. एकदम हातोडा मारल्यासारखा दणका झाला, आणि इंजिनचा एक दांडा लोखंड फोडून बाहेर आला. बाप ट्रक घेऊन आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "हातात दिलं की मोडतंच."

बस्स, एवढंच. त्यानंतर त्या इंजिनाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. बापाने ते एकट्याने उघडलं, गॅरेजचं दार आतून लावून, आणि दुसऱ्या दिवशी भंगारात दिलं. पण गावाला तोंड असतंच. 'डॉर्सीचं इंजिन पोराने फोडलं' ही बातमी कारखान्यात पोचली. उन्हाळ्यात तिथे शिकाऊ पोरांची भरती होती, बापाचा एक शब्द पुरला असता, तो शब्द बापाने टाकला नाही. व्हर्लिन शाळेच्या बसडेपोत लागला आणि तिथेच केस पांढरे करून निवृत्त झाला. कामात तो कधी चुकला नाही. चुकायची त्याला भीतीच एवढी बसली होती.

आई गेल्यावर म्हातारा मुलाकडे मागच्या खोलीत राहायला आला. येताना सोबत इंजिन नसलेली शेव्हेल आली आणि नट-बोल्टांनी भरलेले कॉफीचे आठ-दहा डबे. व्हर्लिनने एक दिवस गाडीवरची धूळ पुसता पुसता विचारलं, "डॅड, हिला उभी करू का पुन्हा?"

"कशाने? तसलं इंजिन आता मिळायचं नाही."

"नवं बसवतो. अपघातातल्या ट्रकचं मिळतंय. पेट्रोल मोजून पाजणारं, संगणकावरचं."

"ते इंजिन नव्हे, टेलिव्हिजन आहे," म्हातारा म्हणाला, पण नाही म्हणाला नाही. व्हर्लिनने ते होकाराएवढंच धरलं.

दीड वर्ष लागलं. नव्या इंजिनाचा तळ जुन्या सांगाड्याला आपटत होता, म्हणून तळ बदलला. टेकू नव्याने जोडले. टाकीत नवा पंप घातला. तारांचं जाळं तर अख्खा हिवाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरलेलं होतं. त्याची बायको ट्वायला बशा मांडीवर घेऊन जेवत होती आणि म्हणत होती, "या घरात माझ्यापेक्षा त्या वायरींना जास्त मान आहे." म्हातारा रोज गॅरेजमध्ये येऊन स्टुलावर बसायचा, कॉफी प्यायचा आणि बघायचा. व्हर्लिन प्रत्येक नटावर पिवळा ठिपका द्यायचा, जरा दिसेल असा. म्हाताऱ्याला ते दिसायचं, पण तो नजर कॉफीत घालायचा. व्हर्लिनला वाटायचं, जुनी जखम आहे, अजून दुखते. एकदा, फक्त एकदा, म्हाताऱ्याने या गाडीत बसावं आणि म्हणावं की झालं ते झालं. बासष्ट वर्षांच्या माणसाला दुसरं काही नको होतं.

मे महिन्यात इंजिन सुरू झालं. पहिल्या किल्लीला, शिवणयंत्रासारखं गुळगुळीत. म्हातारा उठला. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून त्याने तळहात गाडीच्या पत्र्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"आवाज कुठाय?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत निघून गेला.

झालं. व्हर्लिनने इंजिनचा कॅम, म्हणजे झडपा उघडझाप करणारा दांडा, काढला आणि शर्यतवाल्यांचा उग्र कॅम घातला. आता इंजिन जागेवर उभं असताना असं धडधडू लागलं की फळीवरचे पाने-पकडी नाचायला लागले. म्हाताऱ्याने पुन्हा तळहात ठेवला. या वेळी त्याचा चेहरा हलला. "हं," तो म्हणाला. "शनिवारी रूट बिअर सोड्याच्या टपरीपर्यंत जाऊ."

पण फुकट काही मिळत नाही. या गाड्यांमध्ये ब्रेकला पायाच्या जोडीने इंजिनचा जोर लागतो. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीने पेडल हलकं होतं. उग्र कॅम आवाज देतो आणि ही ओढ खातो. व्हर्लिनने काटा लावून बघितलं: अठरा हवी तिथे जेमतेम नऊ. एक-दोनदा ब्रेक दाबला तर लागणार, लागोपाठ दाबला तर पेडल दगड होणार. वेगळा पंप बसवला की प्रश्न मिटला, पण तो मंगळवारी येणार होता. आणि म्हाताऱ्याचा होकार शनिवारचा होता. सत्त्याऐंशीव्या वर्षी माणसाला पुढच्या शनिवारचं वचन मागायचं कुठल्या तोंडाने?

'मीच चालवणार आहे,' व्हर्लिनने स्वतःला समजावलं. 'पाय जपून टाकीन. चालतंय.' हा शब्द आपण वापरला हे त्याच्या लक्षात आलं. लाल पाटी खिळ्याला टांगलेली होती, तिच्याकडे त्याने पाठ केली.

शनिवारी दुपारी म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून आला, गाडीला वळसा घालून चालकाच्या बाजूला थांबला आणि हात पुढे केला.

"किल्ली."

'ब्रेक कच्चे आहेत' म्हटलं की म्हातारा हात मागे घेणार, आत जाणार, आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं ते वाक्य खरं ठरणार. व्हर्लिनने किल्ली दिली.

"सावकाश, डॅड," तो शेजारी बसत म्हणाला. "ब्रेक एकदाच दाबा. अगदी हलका."

"मी गाडी चालवत होतो तेव्हा तू जन्मलाही नव्हतास."

पहिली 'थांबा'ची पाटी आली, गाडी थांबली. दुसरीलाही थांबली. व्हर्लिनचा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर असा दाबलेला होता की पोटरीत गोळा आला. मेन स्ट्रीटवर शनिवारची गर्दी. लोक वळून बघत होते. न्हाव्याच्या दुकानातून बस्टर अर्ध्या दाढीला साबण लावलेला तसाच बाहेर आला. "अरे डॉर्सी!" तो ओरडला. "बाई अजून देखणी आहे, तुझं मात्र काही खरं नाही!" म्हाताऱ्याने हात हलवला. त्याच्या तोंडावर असं हसू होतं की व्हर्लिनला ते आधी कधी पाहिल्याचं आठवेना. सुख आणि धसका एकाच घशात अडकल्यावर माणूस गिळणार काय?

आणि मग त्याला दिसलं की म्हातारा ब्रेक एकदा दाबत नाहीये. तो टपटप, टपटप, तीन-चारदा दाबतोय. त्या पिढीची सवयच ती. जुन्या गाड्यांचे ब्रेक असे पायाने भरून घ्यावे लागत. व्हर्लिनने सगळा हिशेब केला होता, पण स्वतःचा पाय धरून. बापाचा पाय तो विसरला होता. आता ती ओढ दर टपटपीला संपत होती.

"डॅड, थांबवा बाजूला."

"काय?"

"बाजूला घ्या!"

म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही. मेन स्ट्रीट संपली आणि रेल्वेच्या फाटकाकडे उतरणारा छोटा उतार लागला. घंटा वाजू लागली. लाल दिवे लुकलुकले. फाटकाचा दांडा खाली येऊ लागला आणि डावीकडून मालगाडीचं इंजिन भोंगा देत दिसलं. म्हाताऱ्याने ब्रेक दाबला, टपटप, आणि पाय जागच्या जागी अडला.

"नाही लागत," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात.

व्हर्लिनच्या हाताला काहीच करण्यासारखं नव्हतं. हँडब्रेकसुद्धा या गाडीत चालकाच्या डाव्या पायाशी असतो. त्याला एकच गोष्ट करता आली, ती म्हणजे बापाकडे बघणं. म्हाताऱ्याने गिअरचा दांडा खटकन सगळ्यात खालच्या गिअरवर ओढला. इंजिन किंचाळलं, गाडीने मान खाली घातली. मग त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पाठ सीटमध्ये रोवली आणि दोन्ही पाय पेडलवर ठेवून अक्षरशः उभा राहिला. दुखरे गुडघे कडकड वाजले. टायर ओरडले. फाटकाचा दांडा टणकन बॉनेटवर, त्या पांढऱ्या पट्ट्यांवर आपटला, आणि गाडी थांबली. पुढच्या बंपरपासून हातभर अंतरावरून मालगाडी धडाडत जाऊ लागली.

म्हातारा पेडलवरून पाय काढेना; व्हर्लिनने त्याचा गुडघा धरून ते हळूहळू सैल केले. मग त्याने गिअर मागचा टाकला, गाडी इंचाइंचाने मागे घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली. डबे जातच होते. धान्याचे, कोळशाचे, संपता संपेनात.

"माझी चूक!" व्हर्लिन ओरडला.

"काय?"

"मला माहीत होतं! ब्रेक कच्चे होते! मला माहीत होतं आणि मी बोललो नाही!" डब्यांच्या खडखडाटात त्याला घसा फोडून ओरडावं लागत होतं. "तुम्हाला आवाज हवा होता म्हणून मी ब्रेकचा जोर घालवला! तुम्ही बसायला नको म्हणाल म्हणून गप्प बसलो! तुम्हाला मारलं असतं मी आज!"

म्हाताऱ्याने सगळं ऐकलं. ऐकू आलं हे त्याच्या डोळ्यांत दिसलं. तो रागावेल, ते जुनं वाक्य पुन्हा म्हणेल म्हणून व्हर्लिन वाट बघत राहिला. पण शेवटचा डबा गेला तसा म्हातारा म्हणाला, "घरी घे."

घरी येताना व्हर्लिनने चालवली, मागच्या गल्ल्यांतून, माणूस चालतो त्या वेगाने. गॅरेजमध्ये म्हातारा उतरला, लंगडत फळीपाशी गेला आणि कॉफीच्या डब्यांतला अगदी मागचा, गंजलेला डबा काढला. तो हलवला तर आत एकच काहीतरी वाजलं. त्याने ते मुलाच्या तळहातावर ठेवलं.

एक नट होता. जुन्या इंजिनाच्या दांड्याचा. व्हर्लिनने तो उजेडात फिरवून बघितला, सगळ्या बाजूंनी. पिवळा ठिपका कुठेच नव्हता.

"असे सोळा असतात," म्हातारा म्हणाला. "पंधरांवर ठिपका होता. हा तळाच्या तेलात सापडला, अख्खा. हाताने लावला होता, पाना लावलाच नव्हता. तुझी आई जेवायला बोलावत होती. म्हटलं, येऊन आवळतो." तो स्टुलावर बसला. "तू साठनेच चालला असशील. चाळीसने गेला असतास तरी फुटलंच असतं."

व्हर्लिनला आधी काही समजलं नाही, आणि मग एकदम सगळंच समजलं.

"अडतीस वर्षं मी बसच्या गॅरेजात काढली, डॅड," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण तुटत होता. "गावभर मला बोलले. तुम्ही ऐकत होतात."

"हो."

"एक शब्द पुरला असता."

"हो. रोज वाटायचं उद्या सांगू." म्हाताऱ्याचे डोळे भरले होते आणि ते त्याने पुसले नाहीत. "आज तू त्या आगगाडीवर ओरडून सांगितलंस. मला लाज वाटली, बाळा."

व्हर्लिनला त्या क्षणी बापाचा इतका संताप आला की हातातला नट भिंतीवर फेकावा असं वाटलं. त्याने फेकला नाही. डब्यातही परत टाकला नाही. तो त्याने स्वतःच्या खिशात घातला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून ट्वायलाची हाक आली. "अहो मंडळी! टेंडरलॉइन गार होतंय! किती वेळ त्या गाडीचं कौतुक करणार?"

व्हर्लिन सवयीने दाराकडे वळला.

"थांब," म्हातारा म्हणाला. त्याने खिळ्याकडे, लाल पाटीकडे बोट दाखवलं. "आधी ती लाव. मग जेवू."