आजोबांचं उत्तर

भाचा मामांकडे दोन वर्षं राहिला, पण त्याच्याविषयी चार वाक्यं सांगा म्हटलं तर मामा अडखळतात. तो चहात साखर किती घ्यायचा हे त्यांना ठाऊक आहे. दिवसभर कुणाशी काय बोलायचा, ते नाही.

एवढं कळलं होतं की तो आणि त्याच्यासारखे तीसेक जण, निरनिराळ्या देशांतले, मिळून एक सॉफ्टवेअर लिहितात. जुन्या फोटोंवरचे डाग काढणारं. ते कुणीही फुकट वापरावं, आतला कोडही वाचावा, बदलावा. पगार कुणालाच नाही.

"म्हणजे नसता उपद्व्याप," मामी म्हणाल्या.

"उपद्व्याप खरा, पण नसता नाही, मामी."

ही मंडळी ईमेलवर बोलत. एकाने लिहिलेलं सगळ्यांना जायचं, उत्तरं सवडीने यायची. सगळ्यात उशिरा लिहायचा तो गटातला सर्वांत जुना माणूस. त्याला सगळे आजोबा म्हणत. चार-पाच दिवसांनी त्याचं लांबलचक उत्तर यायचं आणि अडलेलं काम सुटायचं. तोवर भाचा घरभर येरझाऱ्या घालायचा, उगाच फ्रिज उघडायचा, बंद करायचा.

"बस की जरा. फरशी झिजेल," मामी म्हणायच्या.

शेवटी त्याने गप्पांचं एक अ‍ॅप शोधलं. विचारलं की लगेच उत्तर. ईमेल सोडून कायमचं इथेच यायचं का, यावर त्याने सगळ्यांचं मत घेतलं. एकजात 'हो' आलं. स्वारी खूश. जुना ईमेल बंद.

मग फोन दिवसभर टिणटिण करू लागला. गप्पा रंगल्या, काम मात्र जागच्या जागी. सकाळचा प्रश्न दुपारपर्यंत थट्टामस्करीखाली गाडला जायचा. एकदा जेवता जेवता भाच्याचा हात थांबला.

"मामा, मी गाढव आहे."

"आता काय केलंस?"

"मत घेतलं ते त्या अ‍ॅपमध्येच. जे तिथे आलेच नव्हते ते 'नाही' कसं म्हणणार? आजोबांना कुणी विचारलंच नाही."

"मग आता विचार."

"रागावले असतील तर?"

"तुला काय माहीत?"

"तेच तर. त्यांचं काही कळतच नाही."

मामा स्वतः कुणाला उत्तर द्यायला आठवडा लावत. त्यांनी वरणाचं भांडं भाच्याकडे सरकवलं.

भाच्याने ईमेल पुन्हा सुरू केला, सगळ्यांची माफी मागितली, आजोबांची वेगळी. मत पुन्हा घेऊ, या वेळी ईमेलवर, आणि घाई न करता. एवढं लिहून त्याच्या येरझाऱ्या पुन्हा सुरू. इतरांची उत्तरं आली. आजोबांचं येईना. मध्येच त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली.

टॅक्सी दारात आली तेव्हाही त्याची नजर फोनवरच होती. मामांना पुष्कळ काही विचारायचं होतं.

"आलं का रे त्यांचं?"

"नाही अजून. वेळ लावतात ते." टॅक्सीत बसल्या बसल्या त्याचा पाय हलत होता. "मामा, मागच्या खोलीतला पंखा चालू राहिलाय बहुतेक."

"करतो बंद. तू नीघ."