जावई जेवल्याशिवाय मामी जेवत नाहीत: यवतमाळचं अनलिमिटेड हॉटेल

या ब्लॉगवर वर्षभर काही लिहिलं नाही. दोघा-तिघांनी विचारलं, म्हणून आधीच सांगून टाकतो. मागच्या थंडीत माझी पत्नी नंदा गेली. कुठे जायचं ते ती ठरवायची आणि फोटोही तीच काढायची. मी गाडी चालवायचो आणि घरी आल्यावर लिहायचो. त्यामुळे या लेखात फोटो नाहीत. मी तीन काढले, पण तिन्हींत माझा अंगठा आला आहे.

या वेळचं ठिकाण गजाननने ठरवलं. गजानन म्हणजे नंदाचा धाकटा भाऊ. बोरी अरबला त्याची शेती आहे आणि त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच्याकडेच असतात. त्यांना मी मामी म्हणतो. यवतमाळला एक अनलिमिटेड हॉटेल उघडलंय, तिथे इटलीपासून चीनपर्यंतचं सगळं मिळतं, आपण आईला घेऊन जाऊ, असा त्याचा फोन आला. मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा त्याने खरं कारण सांगितलं.

"भाऊजी, आईची भूकच मेली. अर्धी भाकर मोडते अन् उठते. डॉक्टर म्हणते याच्यावर गोळी नाई, जेवाले लावा. तिथं शंभर पदार्थ आहेत म्हणते. एखादा तं जाईन पोटात."

घरी मामी स्वयंपाकघरात एकट्या बसतात, किती खाल्लं ते कोणाला कळत नाही. हॉटेलात समोर बसून खावं लागेल, आणि मी असलो की त्या मधेच उठणार नाहीत, असा त्याचा हिशोब होता. मला तो पटला. एक गोष्ट मात्र आम्ही दोघेही विसरलो. जावई जेवून हात धुतल्याशिवाय मामी घास घेत नाहीत. एकोणतीस वर्षांत मी त्यांना जेवताना पाहिलेलंच नव्हतं.

रविवारी सकाळी साडेआठला आर्णीहून दुचाकीने निघालो. दारव्ह्यापर्यंतचा रस्ता एकंदर बरा आहे. मधे काही ठिकाणी खड्डे आहेत आणि ते वळणावरच आहेत, तेवढं सांभाळा. तुरी शेंगांवर आल्या होत्या, कापसाची वेचणी चालू होती. डिसेंबरात निघणार असाल तर हातमोजे घ्या, मी घेतले नव्हते. दारव्ह्याला चहा घेतला आणि एक आलूबोंडा खाल्ला, वर तर्री मागून घेतली. पुढे अनलिमिटेड जेवण असताना कोणी असं करू नये.

बोरीला मामी तयार होऊन ओसरीवर बसल्या होत्या. वर्षभरात फार वाळल्या आहेत. मनगटातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या. गजाननची बायको वेचणीच्या बायांसोबत शेतात गेली होती, म्हणून गजाननच्या कारने आम्ही तिघेच निघालो. मामींनी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे बसल्या. पाऊण तासाचा रस्ता. गजानन वाटेत सोयाबीनवर बोलला, आम्ही दोघे ऐकत होतो.

हॉटेल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे. माणशी साडेपाचशे रुपये, वयस्कांना थोडी सूट. रविवारी आधी फोन करून टेबल सांगून ठेवा. वेळ दीड तास. दारातच मोठा फलक आहे: ताटात अन्न सोडू नये, सोडल्यास जादा आकार पडेल. मामींनी तो सावकाश वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर हाय." त्यांना आवडलेली तिथली ही पहिली गोष्ट.

आत भिंतीलगत भांडी मांडलेली आणि प्रत्येकावर चिठ्ठी. पिझ्झा, पास्ता, नूडल्स, मोमो, मेक्सिकन भात, थाई करी, मधेच इडली, शेवटी गुलाबजाम, पेस्ट्री आणि चॉकलेटचं कारंजं. सगळं शाकाहारी. मी ताट घ्यायला उठलो तर मामींनी खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. जावई स्वतः उठून वाढून घेणार का, लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. गजाननने त्यांना दाखवलं की इथे सगळेच उठून घेतात, त्यात जावईही असतील. मामींनी हॉलभर नजर फिरवली.

"तेइच्या सासवा आल्या नसन," त्या म्हणाल्या.

माझं ताट त्यांनी स्वतः वाढून आणलं. खाली पिझ्झा, त्यावर नूडल्स, नूडल्सवर एक इडली, कडेला पास्ता, आणि पास्त्यात बुडालेला पापड. ताट ठेवून त्या माझ्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या. काळा कोट घातलेले मॅनेजर आले आणि मॅडम, बैठिये ना, म्हणाले. मामींनी माझ्याकडे बोट करून सांगितलं, "जवाई जेवून राह्यले." मॅनेजरांनी मान हलवली आणि निघून गेले. ते इथल्याच घाटंजीचे आहेत हे नंतर कळलं. त्यांना जास्त समजावून सांगायची गरज पडली नाही.

आता अडचण अशी होती. माझं जेवण संपल्याशिवाय मामी सुरू करणार नव्हत्या. माझं ताट रिकामं होत आलं की त्या पुन्हा वाढत होत्या, आणि ताटात काही सोडायची परवानगी नव्हती. म्हणजे माझं जेवण संपणं शक्यच नव्हतं. चाळीस मिनिटं अशी गेली. गजाननचं तिसरं ताट चालू होतं. तो हळूच म्हणाला, भाऊजी, आटपा न. मी त्याला ताट दाखवलं.

मधल्या वेळात मामी रिकाम्या बसल्या नाहीत. मोमोच्या भांड्यापाशी एक बाई दोनच मोमो घेऊन निघाल्या होत्या. मामींनी त्यांच्या ताटात आणखी तीन टाकले आणि लग्नघरी आल्यासारखं लाजू नका म्हणाल्या. मागचे काका स्वतःच ताट पुढे करू लागले. पाच मिनिटांत तिथे रांग लागली, मामी चिमटा घेऊन वाढत होत्या आणि हॉटेलचा माणूस बाजूला हात बांधून उभा होता. मला नंदाची आठवण आली. लग्नकार्यात ती असंच करायची, आणि मी असाच लांबून बघायचो.

मग मामी थाई करीची वाटी घेऊन आल्या. करी लालभडक होती. मी नुसता बघत राहिलो. खरं कारण एवढंच की पोटात जागा नव्हती. मामींना वेगळं वाटलं.

"तिखट हाय काय?"

"असेल," मी म्हणालो.

त्यांनी चमचा उचलला आणि थांबल्या. जावयाच्या वाटीतलं उष्टं करायचं नाही. मग त्यांनी एक वेगळं ताट आणलं, त्यात थोडी करी आणि थोडा भात घेतला आणि उभ्या-उभ्याच चाखला. सावकाश चावला. मग आणखी एक घास घेतला, खात्री करायला असेल.

"नाई. उलट गोडसर हाय. नारळाचं हाय."

मी फारसं खोटं बोलत नाही. जमत नाही, कान गरम होतात. पण तेव्हा बोललो. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, म्हणालो, पोटाचा त्रास आहे, आधी कोणी चाखून सांगितलं तर बरं पडेल. गजाननने तोंड उघडलं. मी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय ठेवला. त्याने त्या उघड्या तोंडात पिझ्झा घातला.

तिथून पुढे मामींचं काम वाढलं. प्रत्येक भांड्यातलं त्या आधी स्वतःच्या ताटात घ्यायच्या, चाखायच्या आणि मग मला सांगायच्या. मेक्सिकन भात म्हणजे मसालेभातच, पण मसाला विसरलेला. पास्ता कच्चा. नूडल्सला मीठ बरं, पण खाताना माणूस बावळट दिसतो. मोमो म्हणजे वाफेवरचे मोदक, आत पत्ताकोबी. मोमो त्यांनी दोनदा तपासले. ताट जड झालं तसं त्यांना टेबल लागलं, आणि टेबल लागलं म्हणून त्या माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. मग गजाननला सुचलं. त्याने आईला दारातला फलक दाखवला आणि या ताटातलं सोडता येणार नाही, आणि भाऊजींना उष्टं देता येणार नाही, म्हणून सांगितलं.

"म्या काय टाकतो म्हटलं?" मामी म्हणाल्या, आणि पुढचा घास घेतला.

मी मान खाली घालून जेवत राहिलो. वर पाहिलं तर त्या थांबतील असं वाटत होतं. चमच्याचा आवाज मात्र ऐकत होतो.

गोडाची वेळ आली तेव्हा मला साखरेचाही आजार झाला. "साखर बी हाय?" मामींनी विचारलं. थोडी आहे, मी म्हणालो. त्यांनी गुलाबजाम तपासला, पेस्ट्री तपासली. चॉकलेटच्या कारंज्यापुढे जरा उभ्या राहिल्या आणि हे रात्री बंद करतात का, ते विचारून आल्या. वर्षभरात त्यांनी गोड तोंडात घातलं नव्हतं. मीही नाही. आम्ही समोरासमोर बसून एकेक गुलाबजाम खाल्ला आणि दोघेही फलकाकडे बघत होतो. दीड तास केव्हाच संपला होता. मॅनेजर दोनदा आमच्या टेबलापर्यंत आले आणि परत गेले.

परतताना मामी मागे डोळे मिटून बसल्या होत्या. झोपल्या असं आम्हाला वाटलं. बोरी चार-पाच किलोमीटर राहिली असताना मागून आवाज आला.

"जवाई."

"हो, मामी."

"नंदी तं सांगे, ठेच्याबिगर तुमाले घास उतरत नाई."

वर्षभरात आमच्या दोघांत तिचं नाव पहिल्यांदा निघालं होतं. मी समोर रस्त्याकडे पाहिलं. गजाननने गरज नसताना गिअर बदलला.

"इतकं खोटं बोलता येते तुमाले, हे तिले मालूम होतं काय?"

"नाही," मी म्हणालो.

"मले बी नव्हतं." गाव दिसायला लागल्यावर त्या म्हणाल्या, "ते मोदक बरे होते. तिनं पाच खाल्ले असते."

"सात," मी म्हणालो.

"हो, सात," त्या म्हणाल्या, आणि पदराने चष्मा पुसला.

अंधार पडायच्या आत आर्णीला घरी पोचलो. जावं की नाही असं कोणी विचारलं तर माझं मत असं: पिझ्झा गार असतो, पास्ता कच्चा, मोमो चांगले. एकट्याने जाऊ नका, परवडत नाही. सोबत वयस्क माणूस असेल तर टेबल फलकाजवळचं मागा. सकाळी आलूबोंडा खाऊ नका.

पुढच्या रविवारी मामी स्वतःच आर्णीला आल्या, गजानन त्यांना सोडून कामाला गेला. नंदा गेल्यापासून त्या या घरात आल्या नव्हत्या. मी पिठलं केलं होतं आणि भाकरी, जशा येतात तशा. मी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. जावयाच्या पोटाचं बघावं लागतं, असं म्हणून त्यांनी माझ्याआधी भाकरी मोडली. पिठल्यात मी रोजच्याइतक्या मिरच्या घातल्या होत्या. त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली, मग दुसरी अर्धी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, नाकही लाल झालं होतं. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. त्यांनी तो बाजूला केला आणि माझं ताट ओढून वाढायला घेतलं.

"काही तिखट नाई," त्या म्हणाल्या. "जेवा आता."