ताटातला काटा

मी जीवाश्म झालेल्या मिशीवाल्या माशांवर काम करते. मासा सडून जातो, पण कल्ल्याजवळच्या पराचा जाड काटा दगडात टिकतो. काट्याच्या बुडाचा सांधा आणि कडेचे दाते पाहून तो मासा कोणाचा भाऊबंद, मांगुराचा की कटरन्याचा, हे ठरवायचं. जुळवून पाहायला आजच्या माशांचे काटे लागतात, म्हणून तुमसरच्या बाजारातून चांगला दणदणीत मांगूर आणून मी फ्रिजमध्ये ठेवला होता.

त्याच आठवड्यात रविवारी धाकट्या बहिणीला पाहायला गोंदियाकडचे पाहुणे आले. तिला मुलगा मनापासून आवडला होता, त्यामुळे घरात सगळ्यांच्या जिवाला घोर. त्या गडबडीत आईने फ्रिज उघडला आणि माझा मांगूर रश्शात गेला. पाहुण्यांसमोर काय भांडणार?

आमच्या घरी ज्याचं ताट त्यानेच उचलायचं, हा बाबांचा दंडक. आजीच्या लहानपणी गावातल्या लग्नांच्या पंगतीतलं उष्टं घरी यायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तसं ते कायमचं सुटलं. पण पाहुण्यांना ताटं कोण उचलू देतं? ती मीच मागच्या नळावर नेली. बघते तर मुलाच्या वडिलांच्या ताटात काटा, चोखून लख्ख केलेला, सांध्यासकट! जोडीचा दुसराही कुठेतरी असणार, म्हणून मी खाली बसून एकेक ताट चिवडू लागले.

"काय शोधून राहिली व बाई, उष्ट्यात?"

मुलाची आई हात धुवायला आली होती. माझ्यापायी हे स्थळ जातं की काय, या भीतीने मी तिला काटा दाखवून माशांची कोट्यवधी वर्षांची नातीगोती सांगत सुटले. मग तिच्या मागे बाबा दिसले. ते माझ्या रश्शाने माखलेल्या बोटांकडे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते नुसतेच आत गेले.

संध्याकाळी त्या बाईंचा फोन आला. बाबांनी सगळ्यांना ऐकू जावा म्हणून स्पीकर लावला.

"पोरगी पसंत हाये आमाले." बहीण आईच्या गळ्यात पडली. "अन् भाऊ, मोठीले पोटभर जेवू घालत जा जी. बिचारी उष्टं धुंडत होती!"

त्या गमतीतच म्हणाल्या, मायेने.

"हो जी, घालतो," बाबा म्हणाले, आणि मुलीचा बाप म्हणून हसलेही.