सगुणाच्या सोयरिकीत माझा अंगठा

आमच्या घरात कमावता माणूस एकच होता, माझा उजवा अंगठा. मी आपला त्याच्यामागं फिरत असे.

सडक अर्जुनीकडं तेव्हा राज्य गोऱ्या साहेबाचं आणि घरोघरी मांडीवर बिडीचं सूप. तेंदूच्या पानात तंबाखू भरायचा, पान वळायचं, अंगठ्यानं तोंड मुडपायचं, दोरा बांधायचा, दिवसभर हेच. एका उन्हाळ्यात अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ उठली, की लोटा उचलेना!

वैद्यबुवा म्हणाले, "अरे बाप्पा, बैलालेही दुपारी सोडतेत! सूज उतरेपर्यंत बिडी नोको. गरम पाण्यात शेक. मंग काम करशील तं मधामधात थांबत जा."

मी बिडी सोडली. हातानं सोडली नाही! बोलता बोलता बोटं वळतच राहायची. बायकोनं भाकर वाढली, तर तिची वळकटी करून मी तोंडही मुडपलं.

"अजी, का करून राहिले?"

"आराम."

अशातच नवेगाव बांधचे पाहुणे माझ्या धाकट्या बहिणीला, सगुणाला, पाहायला आले. आधीची दोन ठिकाणं मोडली होती. हेही हुकलं असतं तर आईनं अंथरूणच धरलं असतं.

"हात मांडीखाली ठेवा जी," बायकोनं बजावलं. ठेवले. (पानाचं तबक येईपर्यंत.)

मुलाचे वडील माझ्या शेजारी बसले. धानाच्या, तळ्यातल्या मासोळीच्या गोष्टी रंगल्या. सगुणा येऊन पाया पडली. म्हातारबुवा उठायला गेले आणि मानेला हिसका बसून खाली बसले! त्यांच्या खांद्यावरचा नवाकोरा दुपट्टा मी टोकापासून गळ्यापर्यंत घट्ट वळला होता. तोंड मुडपलेलं, दोरा बांधलेला, आत चंचीतला चिमूटभर तंबाखू! आणि टोक अजून माझ्याच मुठीत.

म्हातारबुवा सटासट शिंकले.

"काऊन जी, मले पेटवता का काय?"

आईनं डोळ्यांना पदर लावला. मी मेल्याहून मेलो. सगुणा मात्र फिस्सकन हसली, आणि हसू आवरेना म्हणून तिथंच बसली. म्हातारबुवांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"पोट्टी पसंत हाय. घरात हसणारं माणूस पाह्यजे. पण लग्नात ह्या भावाचे हात बांधून ठेवा!"

ठेवले की! मांडवाच्या खांबाला, आईच्या देखरेखीखाली. अंगठ्याला खरा आराम पडला तो त्या दिवशी. लोक बहिणीचं लग्न भावाच्या हातानं लावतात. आमच्याकडं ते भावाचे हात बांधल्यावरच लागलं!