सेक्रेटरींच्या लेकीचा पाय

"काय होत न्हाई बे!" म्हणत मांडीवर थाप मारायची, ही आमच्या दूध सोसायटीच्या सेक्रेटरींची सवय. दूध नासलं, टँकर आला नाही, चारा छावणीत कुणाचा बैल बसला, तरी थाप ठरलेली. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. त्याच्या नुसत्या आवाजानं धीर येतो.

मी सोसायटीत दूध मापायचो. एका दुष्काळात पाण्याच्या टँकरपाशी रेटारेटीत त्यांची लेक पडली, गुडघा सोलवटला. जखम पिकली, मग खपली धरली, सगळे विसरले. एका सकाळी तिला ताप भरला आणि ती पाय टेकेना. "मुरगाळला असंल," म्हणत सेक्रेटरी तेल चोळायला लागले, तर पोर अशी किंचाळली की दुधाची रांग गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी गुडघ्याखाली पाय लाल झाला, हात लावला तर चटका बसावा असा. पोरगी हुडहुडत होती.

"बापू, ही माझ्याकडं बघंना रे," सेक्रेटरी मला म्हणाले.

त्यांचा आवाज इतका बारीक मी पहिल्यांदाच ऐकला.

सोसायटीच्या दुधाच्या गाडीतून अंबाजोगाई गाठली. दवाखान्यात एक्स-रे काढला. त्यात काहीच नव्हतं.

"मग चांगलं हाय की, मॅडम!" सेक्रेटरी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "इतक्या लवकर त्यात दिसत नाही. जखमेतले जंतू रक्तातून हाडात गेलेत, आत पू होतोय. हाड फुगत नाही, म्हणून आत दाब वाढतो आणि असा ठणका लागतो. उशीर झाला तर हाड मरतं, जंतू अंगभर पसरतात. आत्ताच उघडून पू काढावा लागेल."

"पाय कापनार?"

"पाय वाचवायचाय. आणि तिलाही."

तिला आत नेलं तसे सेक्रेटरी जिन्यावर बसले. "बापू, मी चोळीत हुतो रे तो पाय."

आतून काय ऐकायला मिळेल या भीतीनं ऑपरेशनचं दार उघडूच नये असं मला वाटत होतं.

ती वाचली. औषधं लई दिवस चालली. हाडाची वाढ खुंटली होती, पाय थोडा आखूड राहिला. पुढं ताप असलेलं कुणाचं पोर लंगडताना दिसलं की सेक्रेटरी त्याच्या आईबापांना दटावत, "बसा गाडीत आधी!" लोक हसायचे, पण बसायचे.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. विस्तवाचं मडकं धरून लेकच पुढं चालली, एका अंगाला झुकत. खांदेकऱ्यांनी कुणी न सांगता पावलं आखडती घेतली. स्मशानापर्यंत सगळं गाव तिच्या चालीनं चाललं.