उषाताई आणि मार्टिनचा प्रबंध

उषाताई प्रबंधाची पानं फाडायच्या. माझ्या गाइड म्हणून पहिल्याच भेटीत त्यांनी माझी अकरा पानं उभी फाडून टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "रागावू नकोस. मी फाडलं तर कागद जातो. ही चूक पुलात गेली तर माणसं जातील."

पोलादी पुलांच्या जोडांना तडे कसे जातात, हा त्यांचा विषय. इंग्लंडातलं आमचं विद्यापीठ त्यासाठी जगभर नावाजलेलं होतं. पूल कुठल्याही देशातला असो, शेवटचा शब्द आमच्या लॅबचा. तिथे मशिनवर पोलाद ताणून तोडत. तुटताना तोफ उडाल्यासारखा आवाज होई. नवे विद्यार्थी दचकत. ताई म्हणत, "रँकिंग वेबसाइटवर असतं रे. रेप्युटेशन इथे, या रीडिंगमध्ये."

मार्टिन त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. चौथं वर्ष, नोकरी ठरलेली. प्रबंध द्यायच्या आठवड्यात ताईंना मशिनच्या नोंदींत त्याने प्रबंधातून गाळलेल्या दोन चाचण्या सापडल्या. दोन्हींत जोड फार लवकर तुटला होता. ताईंनी लॅबमध्ये, सगळ्यांदेखत, त्याचं शेवटचं प्रकरण फाडलं.

"दोन्ही टेस्ट पुन्हा कर. सहा महिने लागतील."

"माझी नोकरी जाईल," मार्टिन म्हणाला.

"जाऊ दे."

त्याने शेजारची पोलादी पट्टी उचलली. पहिला घाव ताईंनी वर केलेल्या हातावर बसला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दुसरा डोळ्यावर. मी त्याला मागून धरलं, तर त्याचं कोपर माझ्या दातांवर बसलं. तंत्रज्ञ कॉलिनने त्याला जमिनीवर दाबून धरलं. तो पाय झाडत शिव्या देत होता, मग एकदम रडायला लागला. फाटलेली पानं रक्तात भिजत होती.

ताईंचा उजवा डोळा गेला. चौथ्या दिवशी विभागप्रमुख हॉस्पिटलमध्ये आले. विद्यापीठाच्या नावाला धक्का नको, म्हणून निवेदनात 'लॅबमधला अपघात' लिहावं, असं त्यांनी सुचवलं.

डोळ्यावर पट्टी बांधलेल्या ताई सावकाश बोलल्या. "खोटी नोंद मी त्याला करू दिली नाही. तुम्हाला कशी करू देईन?"

कोर्टातही त्यांनी घाव अन् घाव सांगितला. मग कुणी न विचारता म्हणाल्या, "चार वर्षांचं काम मी त्याच्या मित्रांसमोर फाडलं. ते चुकलंच माझं." मार्टिनला तुरुंगवास झाला.

हाताचं प्लास्टर निघाल्यावर ताई लॅबमध्ये आल्या. त्या दोन चाचण्या आम्ही दोघांनी पुन्हा केल्या. आता पोलाद तुटताना त्या माझी बाही घट्ट धरत. पण बाहेर जात नसत. जोड दोन्ही वेळा तसाच लवकर तुटला. मार्टिनने लपवलं होतं तोच खरा शोध होता. तशाच जोडाचे पूल वापरात होते. ते पुन्हा तपासायला घेतले गेले.

शोधनिबंध लिहायला बसलो तेव्हा मी विचारलं, "पहिलं नाव तुमचं ना, ताई?"

"मार्टिनचं."

"तुमचा डोळा घेतलाय त्याने. मी नाही टाकणार."

ताई म्हणाल्या, "मलाही टाकवत नाहीये. पण टेस्टचे जोड त्याने बनवले, पहिली टेस्ट त्याची. काम कुणाचं, तेवढं सांग."

मी त्याचं नाव टाइप केलं. स्क्रीनजवळ तोंड नेऊन, उरलेल्या एका डोळ्याने, ताईंनी त्याचं स्पेलिंग तपासलं.