पिळ्ळैयारसमोरची हजेरी

देव प्रत्येक भक्ताला संकटात एकदा तरी स्वतः हाक मारतो, असे आमच्या घरी मानले जाई. मला त्याने मारली. त्या वेळी त्याच्या तोंडात पान होते, लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती, आणि काही महिन्यांपूर्वीच मी त्याला वेळ वाया घालवल्याबद्दल लेखी ताकीद दिलेली होती.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. चेन्नईच्या दक्षिणेला काचेच्या इमारती उगवत होत्या आणि त्यांतल्या एकीवर मी साइट इंजिनिअर होतो; सांगलीहून आलेला, कामापुरते तमिळ शिकलेला आणि देवाशीही कामापुरतेच संबंध ठेवलेला. सळया बांधणाऱ्या टोळीचा प्रमुख होता अरुमुगम मेस्त्री. साइटच्या कोपऱ्यात कडुलिंबाखाली हातभर उंचीचा पिळ्ळैयार होता, म्हणजे आपला गणपतीच. रोज सकाळी टोळी त्याच्यासमोर कान धरून तीन उठाबशा काढी आणि मग मेस्त्री एकेकाला विचारी, "तूंगिनिया?" झोपलास का? देवासमोर खोटे बोलायचे नाही, एवढाच नियम. "बायको माहेरी गेलीय मेस्त्री, राजासारखा झोपलो," असे एखादा म्हणे आणि सगळे हसत. एखादा म्हणे, "नाही." त्यावर कोणी हसत नसे. त्या दिवशी त्याने परांचीवर चढायचे नाही, खाली बसून सळया कापायच्या आणि दुपारी मेस्त्रीशेजारी जेवायचे. एवढेच.

मला यात फुकट जाणारी पंधरा मिनिटे दिसली. सहावा स्लॅब मागे पडला होता. हजेरी फाटकावर, देवदर्शन आपापल्या वेळेत, अशी सूचना मी लावली. मेस्त्री केबिनमध्ये आला. "सार, उठाबशा बंद करा. विचारणं बंद करू नका."

"शाळा आहे का ही, मेस्त्री? मोठे पुरुष आहेत."

"म्हणून तर विचारावं लागतं, सार."

तरीही तो आणखी दोन दिवस विचारत राहिला, म्हणून मी ताकीद टाइप केली. त्याला इंग्रजी येत नसल्याने मीच ती मोठ्याने वाचून दाखवली. त्याने शांतपणे ऐकली, घडी घातली आणि पानाच्या डब्यात ठेवली.

पुढच्या महिन्यात सेल्वम नावाच्या एका सळईवाल्याने कामावर असतानाच जीव दिला. तीन मुलींचा बाप, हाताला वेगवान, बोलायला कमी. तो कित्येक दिवस झोपला नव्हता, हे सगळ्या टोळीला ठाऊक होते. विचारले मात्र कोणीच नव्हते, कारण विचारायची जागा मी बंद केली होती. अहवालात मी दोन शब्द लिहिले: वैयक्तिक कारण. इतके स्वस्त दोन शब्द मी आयुष्यात लिहिलेले नाहीत.

मुख्य कार्यालयाने तत्परता दाखवली. जागेला दोष आहे असे ठरले आणि होम झाला. रेशमी वेष्टी नेसलेले संचालक आले, कार्यकुशलतेवर बोलले, सगळ्यांना नवी पिवळी हेल्मेटे वाटली. संकल्पात कंपनीचे नाव होते, इमारतीचे होते, सेल्वमचे नव्हते. मला संताप आला तो तिथे, धुरात उभे असताना. काँक्रीटचा ठोकळा आम्ही सात दिवसांनी दाबून पाहतो, अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा पाहतो; किती भाराला तडा जातो ते वहीत लिहितो. ज्याच्या डोक्यावरून ते काँक्रीट वर जाते त्या माणसाला मात्र काही पाहायची गरज नाही, कारण तो पुरुष आहे आणि पुरुषाला तडा जात नाही, असे आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले आहे. डोक्याची बाहेरची बाजू सांभाळायला हेल्मेट दिले की झाले.

या 'सगळ्यांत' मीही होतो. तेव्हापासून माझीही झोप गेली. घरी फोनवर मी "मजेत" म्हणत असे. आईने पाठवलेला अंगारा लावला. लहानपणी पाठ केलेले स्तोत्र म्हणून पाहिले. ते इतके पाठ होते की मन साइटवर ठेवूनही म्हणता येत होते. एका शुक्रवारी सकाळी मी ठरवूनच साइटवर आलो. काय ठरवून, ते लिहीत नाही. मी जिन्याकडे निघालो होतो.

"सार!"

कडुलिंबाखाली टोळी उभी होती. मेस्त्रीने माझी सूचना न जुमानता हजेरी पुन्हा सुरू केली होती. त्याने मला ओळीत उभे राहायची खूण केली. मी का थांबलो ते आजही सांगता येत नाही. त्याने माझ्याकडे पाहून विचारले, "तूंगिनींगळा, सार?"

समोर पिळ्ळैयार होता. "नाही," मी म्हणालो. "सव्वा महिना झाला."

कोणी हसले नाही. मेस्त्रीने माझ्या हातातला नकाशा काढून घेतला. "मग आज वर नाही. तिकडे बसा, तारा कापा. आणि जरा सरळ कापा, इंजिनिअर आहात." दुपारी त्याने आपल्या डब्यातला दहीभात माझ्यापुढे केला आणि पानाचा डबा उघडला. त्यात माझी ताकीद होती, आणि तिच्याखाली सरकारी इस्पितळाच्या मनोविकार विभागाचे कार्ड, त्याच्या स्वतःच्या नावाचे. "पाच वर्षं जातोय, सार. डॉक्टरबाई ओरडतात, पण चांगल्या आहेत." दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत त्या रांगेत बसलो. गोळ्या मिळाल्या, बोलणे झाले, आणि काही आठवड्यांनी झोप परत आली, रजेवर गेलेल्या माणसासारखी, काही न सांगता.

हा योगायोग की कृपा, यावर मी वाद घालत नाही. मी त्या मूर्तीला आजही हात जोडतो आणि मेस्त्रीलाही. शरण जाणे म्हणजे काहीतरी भव्य असते अशी माझी समजूत होती. ते एका साध्या प्रश्नाला खरे उत्तर देणे निघाले. सेल्वमला तो प्रश्न मिळाला नाही, याची माफी मात्र मी अजून कोणत्याच देवाकडे मागू शकलेलो नाही.

मेस्त्रीची ही पद्धत मी मुख्य कार्यालयाला लिहून कळवली. त्यांना ती फार आवडली. त्यांनी सर्व साइटसाठी रोज भरायचा एक छापील फॉर्म काढला: 'मी आज मानसिकदृष्ट्या सक्षम आहे.' खाली सहीला जागा होती. कामगारांचा वेळ जाऊ नये म्हणून 'होय' आधीच छापलेले होते.